सांगलीतील एका वधू-वर सूचक केंद्राचा अनुभव

धाकट्या मुलीसाठी आम्ही यंदा सांगलीतल्या एका वधू-वर सूचक केंद्रात नाव नोंदवले. तेथील कामकाज चोख आहे: स्थळाचा पत्ता आणि नोकरी यांची खात्री केल्याशिवाय माहिती पुढे पाठवत नाहीत आणि फोन नंबर विचारल्याशिवाय कुणाला देत नाहीत. फीची पावतीही लगेच मिळते. माझी तक्रार त्यांच्या नोंदणी अर्जाबद्दल आहे.

मुलींच्या अर्जात उंचीच्या खाली 'वर्ण' असा रकाना असून गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा असे चार चौकोन आहेत. मुलांच्या अर्जात त्याच जागी वार्षिक उत्पन्न विचारले आहे. 'लग्नानंतर नोकरी सोडण्याची तयारी आहे का?' हा प्रश्नही फक्त मुलींनाच. माझी मुलगी एम.एस्सी. होऊन तासगावला शिकवते. तिचा फोटो पाहून तेथील बाई अगदी आपुलकीने म्हणाल्या, "ताई, स्टुडिओतून जरा उजळ करून आणा, स्थळं पटापट येतील." मुलगी शेजारीच बसली होती. तिने काही न बोलता फोटो पाकिटात परत ठेवला.

एकदा रंग 'कमी' ठरला की त्याची भरपाई मागितली जाते. हुंडा देणे-घेणे १९६१ च्या कायद्याने गुन्हा असले, तरी 'मुलीच्या अंगावर काय घालणार?' या शब्दांत तो बैठकीत येतोच. मग बाप कर्ज काढतो आणि शिकलीसवरलेली मुलगी आपण घराला भार झालो, असे मनात धरून बसते.

स्थळांच्या फायलीही जातवार लावलेल्या आहेत. 'आंतरजातीय चालेल' असे लिहिणाऱ्यांची फाईल सर्वांत पातळ, आणि तीही मागितल्याशिवाय कपाटाबाहेर येत नाही. याच मुलखात, प्रतिसरकारच्या काळात, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कार्यकर्त्यांनी हुंडा आणि मानपान टाळून गावोगाव 'गांधी लग्ने' लावली होती. माझ्या आजेसासूबाईंचे लग्न तसेच झाले आणि सारा गाव मांडवात एका पंक्तीला बसला, हे त्या शेवटपर्यंत अभिमानाने सांगत. त्याच भागात आज माणसे भेटण्याआधीच कपाटात वेगळी केली जातात, याचे मला फार वाईट वाटते.

मी वर्णाच्या रकान्यावर रेघ मारून अर्ज दिला. पुढच्या आठवड्यात आलेल्या यादीत मुलीच्या नावापुढे कुणीतरी 'गव्हाळ' असे भरलेले होते. चालकांना पत्र लिहून तो रकाना सर्वच अर्जांतून काढावा, अशी विनंती केली आहे. तो निघेपर्यंत मुलीचे नाव आम्ही मागे घेतले आहे.