काजू, चाकरमानी की मोडी : कोकणात राहून संशोधन करायचं तर कशावर?

भाची 'पेट', म्हणजे पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा, पास झाली आणि दुसऱ्याच दिवशी फोन, "मामा, विषय काय घेऊ?" तिच्यापुढे तीन वाटा आहेत : काजू प्रक्रिया उद्योग, चाकरमान्यांची गावाकडची कुलूपबंद घरं, नाहीतर खोतांच्या, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदारांच्या, दप्तरांतले मोडी कागद. या तिन्ही वाटा मी थोड्याफार तुडवल्या आहेत. पहिलीवर एक वर्ष, दुसरीवर दोन गणपती, तिसरीवर अजून आहे. म्हणून तिला फोनवर सांगितलं तेच इथे जरा सावकाश लिहितो. गाईड कसा मिळवावा, कोर्सवर्कला काय असतं, हे तुम्हाला ठाऊक असेलच. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये या वाटेलाही तेवढेच आणि त्या वाटेलाही तेवढेच, तेव्हा पैशावरून निवाडा होत नाही. मुदत कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. इतकी वर्षं रोज सकाळी कशाचं तोंड बघायचं, एवढंच ठरवायचं असतं.

काजूपासून सुरुवात करतो, कारण मीही तिथूनच केली. उद्योगावरच्या कामाचं सुख असं की कुणाला समजावत बसावं लागत नाही. घरी, बँकेत, एसटीत, कुठेही सांगा, "काजूवर करतोय," समोरचा मान डोलावतो. आपल्या किनाऱ्यावर या जातीच्या कामाला मानही आहे. दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२ पासून, वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र त्याच्याही आधीपासून. हापूस कापल्यावर आत पांढरा साका निघतो, त्यावर उपाय म्हणून नीलम आणि हापूसच्या संकरातून 'रत्ना' काढला. साका नाही, फळही मोठं. लोक बाजारात अजून हापूसच मागतात हा भाग निराळा, पण कुणीतरी बसून काम केलं आणि झाडाला फळ लागलं, हे डोळ्यांना दिसतं. मोडीत असलं काही दिसत नाही, हे आधीच कबूल करून टाकतो.

काजूच्या कारखान्यात शिकायलाही भरपूर. साधारण चार किलो बीमागे एक किलो गर, हे सगळे सांगतात. खरी मेख अख्खा गर किती आणि तुकडा किती यात असते. डब्ल्यू-३२० म्हणजे एका पौंडात तीनशे ते तीनशेवीस अख्खे गर. एका बाईचा हात चांगला असेल तर त्याच बीतून अख्खा जास्त निघतो. टरफलातलं तेल बोटांना लागून कातडी काळी पडते, म्हणून बायका हाताला आधी तेल किंवा राख लावून बसतात. गावची बी मार्च ते मे एवढीच, पुढे कारखाना चालवायचा तर आफ्रिकेतली बी आणावी लागते. २०१६ साली वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकन गावच्या बीला, आणि पावसाळ्यात भट्टीवर आफ्रिकेची बी : एवढ्या एका विसंगतीवरही प्रबंध उभा राहील असं मला वाटायचं.

वर्षभर मी वही भरली. मालक सज्जन. म्हणाले, "लिहून घ्या हवं ते, फक्त नाव नको." गाईडनेही तेच सांगितलं. कारखाना अ, कारखाना ब, कारखाना क असं लिहायचं, जगभर तसंच लिहितात. मी लिहिलं : कारखाना अ, नदीकाठी, दोन ड्रायर, साठ बायका, मालकाची दुसरी पिढी. आमच्या तालुक्यात नदीकाठी, दोन ड्रायरवाला, दुसऱ्या पिढीचा कारखाना एकच आहे. एका परिसंवादात मी ते प्रकरण वाचलं आणि आठ दिवसांत मालकांचा फोन आला. बोलावलं, चहा दिला, बशीभर गर पुढे केले, आणि हसत म्हणाले, "सर, तुमचा 'अ' म्हणजे मीच ना?" एसटी स्टँडवरच्या पेपरवाल्यालाही कळलं होतं म्हणे.

अख्ख्या गराचा उतारा आणि बायकांची किलोमागची मजुरी, दोन्ही आकडे काढा, अशी त्यांची विनंती होती. मला राग आला नाही. त्यांचंही चूक नव्हतं, व्यापाऱ्याला उतारा कळला की तो भाव पाडतो. मी आकडे काढले. मग 'नदीकाठी' काढलं, मग 'साठ बायका' काढल्या. उरली ती तीन कारखान्यांची सरासरी. ती वाचून कुणाला काहीही कळलं नसतं, आणि कळलं असतं तरी खरं की खोटं हे तपासायला कुणी कुठे जाणार? कारखाना अ नावाचा कारखाना पृथ्वीवर नाही.

माझा काटा इथेच हलला. तुमचा हलेलच असं नाही. मुंबई-पुण्यात, जिथे एकासारखे पन्नास कारखाने असतात, तिथे 'अ' मागे माणूस लपतो. पण आपल्याकडे वाडीतल्या कुणाची म्हैस व्याली हेसुद्धा दुपारपर्यंत सगळ्यांना माहीत असतं.

तुम्ही म्हणाल, मग समाजावर करावं. चाकरमानी काय सरासरी काढण्यासारखे थोडेच. मी एका प्राध्यापकांच्या पाहणीत प्रश्नावल्या भरायला होतो, दोन वर्षं, दोन्ही वेळा गणपतीत, कारण घरं उघडी असतात ती तेव्हाच. आरती, भजन, फुगड्या, त्यात माझे बेचाळीस प्रश्न. एका आज्यानं सरळ विचारलं, "ह्याचो आमका काय उपेग?" उत्तर अजून शोधतोय. मच्छीमारांवर कुणाला करायचं असेल तर एक फुकटचा सल्ला : १ जून ते ३१ जुलै बंदीचे दिवस धरा, तेव्हा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, जाळी विणत बसलेला असतो आणि बोलतो. बाकीच्या दिवसांत बंदरावर वही काढणाऱ्याला ढकलूनच देतात, त्यांचा मासा उन्हात असतो.

तिथेही नावाचा तोच घोळ, फक्त जास्त वाईट. "जमीन कुणाच्या नावावर?" हा प्रश्न आला की घरात शांतता पसरते. भाऊबंदकी, सातबारा, मुंबईतल्या काकाची सही. ज्या घरात खरं सांगितलं, त्या घराचं मी लिहू शकलो नाही, आणि ज्यांनी लिहू दिलं त्यांनी खरं सांगितलं नाही.

पण त्याच पाहणीत एक गोष्ट घडली, ती सांगायलाच हवी. ऐंशी ओलांडलेल्या एक आजी. मी विचारलं, पूर्वी जमीन मालकीची होती की कुळाची? त्या म्हणाल्या, "अर्धेल." मला वाटलं ऐकण्यात चूक झाली, पुन्हा विचारलं. "अर्धेल." प्रश्नावलीत दोनच चौकोन होते. मी 'कुळाची' वर टिक केली आणि पुढे गेलो.

त्यानंतर तीन वर्षांनी मोडी शिकत असताना भाताच्या एका हिशेबात तो शब्द माझ्यासमोर आला. खोताला निम्मं पीक देणारा तो अर्धेल, तिसरा हिस्सा देणारा तिर्धेल. मी ज्या शब्दावर टिक करून पुढे गेलो होतो, तो एका अख्ख्या व्यवस्थेचं नाव होता. याच खोतीविरुद्ध अलिबागजवळच्या चरीत नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली १९३३ पासून सहा वर्षं शेतकऱ्यांनी संप केला, डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक आणलं, आणि खोती नष्ट करणारा कायदा शेवटी १९४९ साली झाला. हे सगळं मला वाचून माहीत होतं. आजींच्या अंगणात मात्र तो शब्द मला ऐकूच आला नाही.

मोडीला शिव्या घालायच्या तर यादी लांब आहे. अक्षरं ओळखायला तीन महिने लागतात, एखाद्या घाईतल्या कारकुनाचं अक्षर लागायला वर्ष. शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. तारखेच्या जागी 'सन इहिदे सबैन मया अलफ', म्हणजे अरबी आकड्यांत ११७१, इसवी सन काढायला त्यात सहाशे मिळवायचे की पाचशे नव्व्याण्णव ते महिन्यावर. आणि आपली हवा : श्रावणात कागदाला बुरशी, एरवी कसर, खाली वाळवी. नोकरीच्या नावाने तर बोंबच होती. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तशी मोडी वाचणाऱ्यांना जरा विचारतात.

मेलेली माणसं हरकत घेत नाहीत, असं माझे मित्र चेष्टेनं म्हणतात. तेही पूर्ण खरं नाही. त्यांचे पणतू घेतात. एका घरी लाकडी पेटी समोर ठेवलेली, आणि घरधनी म्हणतात, "दिवाणी दावा सुरू आहे, निकाल लागला की या." तो निकाल अजून लागतोय. पण सरकारी पुराभिलेखागारात रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, सोडला की कागदाला क्रमांक असतो, गावाचं नाव असतं, खोताचं नाव असतं, किती खंडी भात तेही असतं. मी चुकीचं वाचलं तर उद्या दुसरा कुणी तोच रुमाल मागवून माझा कान धरू शकतो. दोनदा धरलाही आहे.

कातळशिल्पांचं का नाही बोललात, असं कुणी विचारेल. २०२२ पासून ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, सड्यावर गाड्याही येतात. विषय सुंदर, पण त्याला पुरातत्त्वाचं शिक्षण लागतं आणि ते मला नाही, म्हणून गप्प.

भाचीला मी मोडी घे असं म्हटलं नाही. तिला अर्थशास्त्र येतं, आकड्यांची भीती नाही, तिच्या हाती काजू जास्त खुलेलही. फक्त तिला सांगितलं, आधी एक मोडीचा वर्ग कर, मग ठरव. तिने वर्ग केला, अक्षरंही छान गिरवली, आणि विषय घेतला काजू. परवा घरी येऊन माझी जुनी वही मागून नेली. दिली. अ, ब, क म्हणजे कोण ते लिहिलेलं पहिलं पान तेवढं फाडून ठेवलं.