स्वप्नात जागं व्हायचं की सकाळी अर्थ लावायचा?

स्वप्न पडत असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असं कळणं म्हणजे ल्युसिड ड्रीमिंग. ही थाप नाही. १९७५ साली इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांच्या प्रयोगात झोपलेल्या माणसाने आधी ठरल्याप्रमाणे डोळे डावी-उजवीकडे फिरवून आतून खूण केली. आरईएम झोपेत, म्हणजे ठळक स्वप्नं पडतात त्या टप्प्यात, अंग लुळं पडतं, डोळे मात्र हलतात, म्हणून हे जमलं. दुःस्वप्नं छळत असतील तर ही वाट करून बघण्यासारखी आहे. पण त्यासाठी अनेकजण पहाटे गजर लावून उठतात. ज्यांची झोप आधीच तुटकी, त्यांनी नादी लागू नये.

दुसरी वाट स्वप्नातल्या प्रतीकांचा अर्थ लावण्याची. तिला सकाळी स्वप्न लिहून ठेवायला वही-पेन पुरतं. ‘साप दिसला म्हणजे अमुक’ ही तयार यादी मात्र फेकून द्यावी. कोकणातल्या वाडीत साप पाहत वाढलेल्याचा साप आणि दहाव्या मजल्यावरच्याचा साप एकच कसा? मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइडही आधी स्वप्न पाहणाऱ्यालाच विचारायचा, यावरून तुला काय आठवतं?

मी वहीकडे झुकतो. गंमत म्हणजे ल्युसिडवाल्यांनाही सुरुवात वहीनेच करायला सांगतात: तोच जिना, तीच चुकलेली एसटी पुन्हा दिसली की ओळखायचं, आपण झोपेत आहोत.