फोन मीच केला होता

"बुकिंग? आमच्याकडे बुकिंग नसतं ओ ताई. वहीत नाव लिहा, नंबर आला की हाक मारतो."

शुक्रवारची रात्र, पावणेआठ वाजलेले, दादरमधल्या मासळीच्या एका खाणावळीचं दार. स्टुलावर बसलेल्या मुलाच्या हातात दोनशे पानी वही, तिला सुतळीने बांधलेलं पेन. मी मोबाईल त्याच्यापुढे धरला: 'टेबल कन्फर्म, ८ वाजता, २ व्यक्ती, एसी'. त्याने तो नीट बघितलाही नाही. मान मागे वळवून आत ओरडला, "शेठ, अजून एक आले बुकिंगवाले!"

'अजून एक' ऐकलं आणि पोटात गोळा आला.

शेठ हात पुसत बाहेर आले. साठीचे असतील. मला म्हणाले, "ताई, नंतर बोलू. आधी बँकेत बघा." बघितलं. आदल्या दिवशी खात्यात सहासष्ट हजारांच्या वर होते, आता १,३१२ रुपये उरले होते.

हे कसं झालं ते सांगायला जरा मागे जावं लागेल. आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. लग्नाला नऊ वर्षं झाली, एक मुलगी आहे. तीन वर्षांपूर्वी ठरवलं की एक शुक्रवार सोडून दुसऱ्या शुक्रवारी दोघांनीच बाहेर जेवायचं. नियम दोनच: जागा नवीन हवी आणि दोघांचं बिल दीड हजारांच्या आत बसायला हवं. मुलगी आजीजवळ राहते. आजींना साडेदहाला झोप लागते, म्हणून सव्वादहाच्या आत घरी. हा तिसरा, न लिहिलेला नियम. माझ्या पर्समध्ये एक छोटी डायरी असते. कुठे गेलो, काय खाल्लं, किती झाले, परत जायचं का, एवढंच त्यात लिहायचं. 'परत जायचं'वर खूण असली तरी आम्ही जात नाही, कारण पहिला नियम. (माटुंग्याच्या रामा नायकांकडे मात्र दोनदा गेलो. केळीच्या पानावरचं जेवण आणि वर रसम, तिथे नियम कोण बघतो.)

मी फोर्टला एका सीएच्या ऑफिसात आहे. दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासते, त्यामुळे हॉटेलचं बिल हातात आलं की डोळे आपोआप खाली जातात. जीएसटी लावलाय पण जीएसटी नंबरच छापलेला नाही, असं बिल मी दोनदा परत पाठवलंय. महाराष्ट्रातला नंबर २७ने सुरू होतो आणि पंधरा अक्षरांचा असतो. कंपोझिशन योजनेतल्या (म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या) छोट्या हॉटेलवाल्याला तर गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घेताच येत नाही. गेल्या वर्षी पवईच्या एका ठिकाणी बिलात दहा टक्के सर्व्हिस चार्ज परस्पर जोडला होता. सर्व्हिस चार्ज आपोआप लावायचा नाही, ही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची जुलै २०२२ची सूचना आहे आणि मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. मी मॅनेजरला शांतपणे सांगितलं, हवं तर इथूनच ग्राहक हेल्पलाईनला, १९१५ला फोन लावते. पाच मिनिटांत नवीन बिल आलं. नवरा सगळ्या नातेवाइकांत हा किस्सा सांगत सुटला. मलाही तो ऐकायला आवडायचा, खोटं कशाला बोलू.

म्हणजे फसणाऱ्यांतली मी नव्हेच, असा माझा समज होता.

आता त्या गुरुवारी काय झालं ते. गणपती नुकतेच गेले होते. श्रावण आणि गणपती पाळणाऱ्या सगळ्या मुंबईला एकदम मासे हवे असतात, तो आठवडा. दादरच्या या खाणावळीबद्दल ऑफिसात तिघांनी सांगितलेलं, आणि तिघांचं एकच म्हणणं: जा, पण दीड-दोन तास रांग. आम्हाला दीड तास परवडणार नव्हता, आजींची झोप. म्हणून संध्याकाळी लोकलमध्ये बसून मोबाईलवरच्या नकाशात नाव टाकलं. त्याच नावाच्या दोन नोंदी आल्या. एकीत फोन नंबर नव्हता. दुसरीत होता, फोटोही होते: पाटी, सुरमईचं ताट, तेच निळे टेबल. मी नंबर असलेली नोंद निवडली. कोणीही तेच केलं असतं.

नकाशावरची नोंद हॉटेलवाल्यानेच केलेली असते असं काही नाही, हे आता कळलं. नंबर बदला असं कोणीही बाहेरून सुचवू शकतो, कोणीही नवीन नोंद टाकू शकतो, आणि लोकांनी टाकलेले फोटो उचलून तिथे चिकटवायला अक्कल लागत नाही.

पलीकडचा आवाज गोड होता. मराठी, जरा कोकणी हेल. त्याने मला 'ताई' म्हटलं, 'मॅडम' नाही. मागे भांड्यांचा आवाज येत होता. "उद्या गर्दी आहे ताई, पण आठचं देतो. लहान मूल आहे का सोबत? एसीत लावू की पंख्याखाली?" हा प्रश्न मला अजून आठवतो. पंख्याखाली की एसीत, एवढी चौकशी करणारा माणूस खोटा असेल असं मनात येतच नाही. मग म्हणाला, लोक बुकिंग करून येत नाहीत, म्हणून दहा रुपयांचं टोकन घेतो, बिलात वजा होतं. दहा रुपये! हजार मागितले असते तर मी दोन प्रश्न विचारले असते.

व्हॉट्सॲपवर त्याने फाईल पाठवली. हॉटेलचं नाव, पुढे 'टेबल बुकिंग', शेवटी एपीके, म्हणजे थेट फोनमध्ये बसणारं ॲप. फोनने दोनदा अडवलं. एकदा म्हणाला, अनोळखी ठिकाणचं ॲप आहे. दुसऱ्यांदा म्हणाला, यामुळे नुकसान होऊ शकतं. कांजूरमार्ग गेलं होतं, दारात उतरणाऱ्यांची रेटारेटी सुरू झाली होती. मी 'तरीही' दाबलं. ॲपने एसएमएस वाचायची परवानगी मागितली, तीही दिली. हॉटेलला माझे एसएमएस कशाला हवेत? हा प्रश्न मला शुक्रवारी रात्री पडला. मग नाव, वेळ, माणसं किती, आणि दहा रुपयांसाठी डेबिट कार्ड: नंबर, मुदत, मागचे तीन आकडे. चक्र फिरत राहिलं, 'सर्व्हर बिझी' आलं. लगेच त्याचा मेसेज: "राहू दे ताई, उद्या इथेच द्या. टेबल कन्फर्म." केवढा समजूतदार! उपास होता, आणि मी भांडुपपासून मुलुंडपर्यंत उद्याच्या तिसऱ्यांच्या (शिंपल्यांच्या) मसाल्याचा विचार करत उभी होते.

रात्री ११:५२ला खात्यातून २४,९९९ गेले. ११:५४ला १४,९९९. मग चोर थांबले. १२:०३ला पुन्हा २४,९९९. तारीख बदलली की कार्डाची रोजची मर्यादा नव्याने सुरू होते, म्हणून मध्यरात्रीच्या दोन्ही बाजूंनी काढले. एकूण ६४,९९७. ओटीपी माझ्याच फोनवर आले, त्या ॲपने ते वाचले, पुढे पाठवले आणि बँकेचे मेसेजही मला दिसू दिले नाहीत. मी झोपले होते. शुक्रवारी दिवसभर मला काही कळलं नाही, कारण कळवणारा एसएमएसच गायब होता. बँकेची ईमेल येत होती, पण कॉलेजच्या काळातल्या पत्त्यावर. तो मी महिन्यातून एकदा उघडते.

दारात उभी राहून मी रडणार होते. शेठ म्हणाले, "रडू नंतर. १९३० लावा." सायबर फसवणुकीचा हेल्पलाईन नंबर. नवऱ्याने स्वतःच्या फोनवरून लावला आणि आधी माझा फोन फ्लाइट मोडवर टाकायला लावला. हे त्याला कसं सुचलं देव जाणे, पण बरोबर होतं. १९३०वर खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहार क्रमांक विचारतात. एसएमएस नाहीत, मग व्यवहार क्रमांक कुठून आणायचे? नवऱ्याने त्याच्या फोनवर माझी जुनी ईमेल उघडली, एकेक आकडा मोठ्याने वाचला, मी फुटपाथवर उकिडवी बसून डायरीच्या मागच्या पानावर उतरवून घेतला. तक्रारीचा क्रमांक मिळाला. मग बँकेला फोन, कार्ड बंद. तेवढ्यात वहीवाल्या पोराने हाक मारली, "छत्तीस नंबर!" नवऱ्याने आल्या आल्या नाव लिहून ठेवलं होतं.

आणि आम्ही जेवलो. मला माहीत आहे कसं वाटतं हे वाचायला. पण आणखी काय करणार होतो?

घरी आल्यावर सरकारी सायबर पोर्टलवर रीतसर तक्रार भरली, शनिवारी पोलिस ठाण्यात गेलो. तिथल्या हवालदारांनी मला एकच विचारलं: "पैसे गेल्यावर किती वेळाने फोन केलात?" वीस तास. ते चुकचुकले. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळायच्या आत फोन गेला तर बँका ते अडवून ठेवू शकतात. माझ्या तीनपैकी एकच रक्कम, १४,९९९ची, अजून अडकलेली सापडली. ती गोठवली गेली आणि कोर्टाचा आदेश घेऊन साडेचार महिन्यांनी परत मिळाली. उरलेले ४९,९९८ गेले.

बँकेने लेखी कळवलं की ओटीपी बरोबर होता, ॲप तुम्हीच टाकलंत, सबब जबाबदारी तुमची. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७चं परिपत्रक मी मग ओळ न् ओळ वाचलं. चूक तिसऱ्याच कोणाची असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाला तोशीस नाही, असं त्यात आहे. पण ग्राहकाचा निष्काळजीपणा असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे बँकेच्या हिशोबात तो फुटपाथवरचा फोन त्या रात्रीनंतर जे गेलं असतं, तेवढंच वाचवणारा होता. मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज केलाय. आशा फार नाही.

फोन पुसून कोरा करावा लागला. त्याआधी सगळे पासवर्ड नवऱ्याच्या फोनवरून बदलले. ज्या फोनमध्ये चोर बसलाय त्यातूनच कुलूप बदललं तर किल्ली त्याच्याच हातात जाते, हे ऑफिसातल्या एका पोराने वेळेवर सांगितलं.

सासूबाई दोन दिवस काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना म्हणाल्या, "पन्नास हजारांत वर्षभर घरी पापलेट झाली असती." बरोबर आहे.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. अनोळखी फोन उचलू नका, बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्याला माहिती देऊ नका, हे सगळं मला पाठ होतं, मीच इतरांना सांगत होते. पण इथे मला कोणी फोन केलाच नव्हता. नंबर मी शोधला, फोन मी लावला. आपण स्वतः लावलेल्या फोनच्या पलीकडे चोर असेल यासाठी माझ्याकडे शंकाच शिल्लक नव्हती. आता नंबर हवा असेल तर हॉटेलच्या बिलावरचा किंवा पाटीवरचा घेते, नाहीतर तिथे आधी जाऊन आलेल्या कोणाकडून. टेबलासाठी आगाऊ पैसे मागितले की फोन ठेवते. रांग असेल तर रांगेत उभी राहते. आजींना एक शुक्रवार उशिरा झोपायला सांगितलंय, त्यांची काही हरकत नव्हती. आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

शेठनी त्यानंतर दारावर कागद चिकटवला: 'आम्ही फोनवर बुकिंग घेत नाही'. खोटी नोंद काढायला त्यांनी तक्रार केली, काही दिवसांनी ती गेली.

त्या रात्रीची डायरीतली नोंद नवऱ्याच्या अक्षरात आहे, माझे हात थरथरत होते. 'सुरमई तवा फ्राय, उत्तम. तिसरे संपले होते. सोलकढी जरा आंबट. बिल १,१४०, जीएसटी नंबर आहे.' खाली मी नंतर पेन्सिलने लिहिलंय: अधिक ४९,९९८. 'परत जायचं का'समोर त्याने खूण केली आहे.