तांब्या, वांगं आणि रंग: वॉटरकलर घेऊ की अ‍ॅक्रिलिक?

मैत्रिणीने विचारलं, शाळेत इंटरमीजिएटच्या चित्रकला परीक्षेला स्थिरचित्र काढलेलं त्यानंतर ब्रश हातात नाही, आता पंचेचाळिशीत परत सुरू करायचंय तर कुठले रंग घेऊ? मी दोन्ही वापरलेत म्हणून सांगते.

खर्चात रंगांचा फार फरक नाही, पाच-सहा ट्यूब पुरतात. पण वॉटरकलरला कागद ३०० जीएसएमचाच, म्हणजे चांगला जाड घ्या, पातळ कागद पाण्याने फुगतो आणि आपण दोष आपल्या हाताला देतो. अ‍ॅक्रिलिक जाड कार्डशीटवरही चालतं.

खरा फरक चूक सुधारण्यात. पितळी तांब्यावरची चमक वॉटरकलरमध्ये कागदाचा पांढरा राखूनच छान येते, म्हणजे ब्रश टेकवायच्या आधीच ती जागा ठरवायला लागते, एकदा रंग गेला की तो शुभ्रपणा परत मिळत नाही. अ‍ॅक्रिलिकमध्ये आख्खा तांब्या आधी गडद रंगवा, वाळू द्या, चमक शेवटी वरून ठेवा. वांग्याचा आकार बिघडला? त्यावरच परत रंगवा.

आवराआवर मात्र वॉटरकलरची सोपी. पॅलेटवर वाळला तरी पाण्याने परत जागा होतो. अ‍ॅक्रिलिक वाळलं की प्लास्टिकच, ब्रश लगेच धुतला नाही तर गेला.

रोज रात्री जेमतेम अर्धा तास मिळत असेल तर वॉटरकलर घ्या. रविवारी सलग दोन तास बसता येत असेल आणि चुकायची भीती वाटत असेल तर अ‍ॅक्रिलिक. मैत्रिणीला मी अ‍ॅक्रिलिकच सांगितलं, पण आधी पंधरा दिवस नुसती ६बी, म्हणजे मऊ आणि गडद पेन्सिल घेऊन खिडकीच्या उजेडात तोच तांब्या काढ म्हटलं.