पाच लाख की दहा लाख, आणि हप्ता कोणत्या महिन्यात?

आमच्या घरची पहिली आरोग्य पॉलिसी आम्ही जूनमध्ये घेतली आणि तिथंच चुकलं. पॉलिसी वाईट नव्हती. पण पुढच्या जूनमध्ये हप्त्याची तारीख आली तेव्हा पेरणी तोंडावर होती, पीककर्जाचं नवंजुनं (जुनं फेडून नवं उचलणं) बँकेत अडकलं होतं आणि हाती होतं ते बियाण्याच्या थैल्या अन् खतात गेलं. मुदतीनंतर मिळणारे 30 दिवसही निघून गेले आणि पॉलिसी तुटली. दिवाळीनंतर कापसाचा चुकारा आल्यावर दुसरी घेतली, पण सासऱ्यांचा हर्निया विम्यात यायला असलेली दोन वर्षांची वाट पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला लागली. ऑपरेशन पदरच्या पैशानं करावं लागलं.

म्हणून कुणी विचारायला आलं की मी रकमेच्या आधी एक गोष्ट विचारते: तुमच्या घरात पैसा कोणत्या महिन्यात येतो? ज्या तारखेला पॉलिसी सुरू कराल, दरवर्षी तीच हप्त्याची तारीख. सोयाबीन विकून किंवा कापसाचे पहिले दोन वेचे गेल्यावर, म्हणजे नोव्हेंबर ते जानेवारीत घ्या. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयानं आसपासच्या गावांत आरोग्य विम्याची वर्गणी ज्वारीच्या रूपात, सुगीच्या वेळी घेतली होती. कास्तकाराचा हप्ता कधी निघतो हे त्या माणसांना बरोबर कळलं होतं.

आता पर्याय. सगळ्यात आधी बिनहप्त्याचा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या आता एकत्र चालतात आणि कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. पूर्वी फुले योजनेची मर्यादा दीड लाख होती आणि रेशन कार्डाचा रंग पाहिला जायचा. आता पांढऱ्या कार्डालाही ती लागू आहे. घरात 70 वर्षांचं किंवा त्यावरचं कुणी असेल तर त्यांच्यासाठी 2024 च्या ऑक्टोबरपासून आयुष्मानचंच वय वंदना कार्ड निघतं आणि त्यात उत्पन्नाची अट नाही. यातली खरी अडचण कागदाची. आमच्या आजेसासूबाईंच्या आधारवर नावापुढे 'बाई' होतं, रेशन कार्डावर नव्हतं. तेवढ्यासाठी तालुक्याला तीन चकरा झाल्या. रुग्ण खाटेवर असताना अशा चकरा मारता येत नाहीत, म्हणून कार्ड आजच काढून ठेवा.

मग खासगी विमा कशाला? कारण योजनेत ठरावीक उपचार आहेत आणि तेही योजनेशी जोडलेल्या दवाखान्यातच. वर्ध्याजवळचं सेवाग्राम आणि सावंगी, नागपूरचं मेडिकल अशा मोठ्या रुग्णालयांत जायची तयारी असेल आणि आजार यादीतला असेल, तर योजनेवर भागतं. पण रात्री दोनला छातीत दुखलं आणि सोयऱ्यांनी गाडी थेट नागपुरात धंतोलीच्या खासगी दवाखान्यासमोर उभी केली, तर तो दवाखाना योजनेत असेलच असं नाही. आपल्या घरी अशा वेळी पेशंटला कुठं हलवतात, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. विम्याची रक्कम त्या उत्तरावरून ठरते.

ज्यांच्याकडं थोडेच पैसे आहेत त्यांना एजंट बहुधा आरोग्य संजीवनी दाखवतो. 2020 मध्ये विमा नियामकानं ठरवून दिलेली ही पॉलिसी सगळ्या कंपन्यांत अटींनी सारखीच असते, त्यामुळं फक्त हप्ता आणि दावा देताना कंपनी कशी वागते तेवढं ताडून पाहायचं. हप्ता कमी. पण मंजूर बिलातले 5 टक्के आपण भरायचे, खोलीभाडं विम्याच्या रकमेच्या 2 टक्के आणि तेही दिवसाला जास्तीत जास्त 5,000, आयसीयूला 5 टक्के आणि जास्तीत जास्त 10,000.

हे आकडे कागदावर निरुपद्रवी वाटतात. 2 लाखांची पॉलिसी धरा. खोलीची मर्यादा झाली 4,000. तुम्ही 6,000 ची खोली घेतली तर वरचे रोजचे 2,000 तर जातातच, शिवाय डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचा आकार असे खोलीशी बांधलेले खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे दोन तृतीयांशच मंजूर होतात. औषधं, तपासण्या आणि शरीरात बसवायच्या वस्तूंना ही कापणी लागत नाही. आयसीयूचं बघा: 1 लाखाच्या पॉलिसीत दिवसाला 5,000. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली ते आपण पाहिलं आहे. अशा पेशंटला आठ-आठ दिवस व्हेंटिलेटर लागू शकतो, तिथं ही मर्यादा किती पुरणार? संजीवनी घ्यायचीच तर 5 लाखांची घ्या, 1-2 लाखांची नको.

कंपनीची नेहमीची फॅमिली फ्लोटर पॉलिसी (एकाच रकमेत सगळं कुटुंब) महाग पडते, पण खोलीभाड्याची मर्यादा नसलेली मिळते, आणि माझ्या मते जास्तीचा पैसा द्यायचा तर त्याच एका गोष्टीसाठी. बाळंतपण, दाखल न होता केलेल्या तपासण्या अशा जास्तीच्या जोडण्या गावातल्या घरानं सोडून दिल्या तरी चालतं.

हप्त्याचा अंदाज असा बांधा. फ्लोटरचा दर घरातल्या सगळ्यात मोठ्या वयावर लागतो. चाळिशीतलं जोडपं आणि दोन पोरं यांच्यात 66 वर्षांची माय घातली की सगळ्यांचा हप्ता 66 च्या हिशोबानं चढतो. तिची पॉलिसी वेगळी काढा आणि दोन्ही बेरजा समोरासमोर मांडून बघा. रक्कम 5 ची 10 लाख केल्यानं हप्ता दुप्पट होत नाही, म्हणून दोन्ही रकमांचं कोटेशन मागा. जुनं कोटेशन हातात असेल तर ते बाद करा: 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी गेला, त्यामुळं तेव्हा 11,800 पडणारा हप्ता त्याच दरानं 10,000 झाला. काही कंपन्या गाव-शहराप्रमाणं वेगळा दर लावतात. गावाचा स्वस्त दर घेऊन उद्या टाटा हॉस्पिटलसाठी मुंबई गाठावी लागली, तर बिलातला काही हिस्सा आपल्यावर येतो का, हे तेव्हाच विचारा. आणि आलेल्या हप्त्यात त्याचा निम्मा अजून मिळवा, कारण वय वाढेल तसा तो वाढणार. तेवढी रक्कम पाऊस दगा देईल त्या वर्षीही भरता येईल का? उत्तर नाही असेल तर 10 लाखांवरून 5 वर या. तुटणाऱ्या 10 लाखांपेक्षा टिकणारे 5 लाख मला केव्हाही बरे वाटतात.

5 आणि 10 च्या मध्ये एक वाट आहे: 5 लाखांची पॉलिसी आणि तिच्यावर सुपर टॉप-अप. वर्षभरातल्या बिलांची बेरीज 5 लाखांपुढं गेली की वरचा पैसा टॉप-अप देतो, म्हणून त्याचा हप्ता बराच कमी असतो. पण 'सरकारी 5 लाख आहेतच, नुसता टॉप-अप घेतो' असं करू नका. उपचार योजनेत बसला नाही तर पहिले 5 लाख तुम्हालाच उभे करावे लागतील. आणि नाव 'सुपर टॉप-अप'च आहे ना हे पाहा. साधा टॉप-अप प्रत्येक वेळच्या दाखल होण्याचं बिल वेगळं मोजतो.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेला दवाखान्याचा विमा समजणारे बरेच भेटतात. त्यातून मृत्यू किंवा अपंगत्व आल्यावर कुटुंबाला मदत मिळते, दवाखान्याचं बिल त्यातून भागत नाही.

अर्ज भरताना खर्रा लपवू नका. तंबाखूचा प्रश्न अर्जात असतोच, एजंट 'नाही लिहून टाकू' म्हणाला तरी खरं तेच लिहायला लावा. बीपी, शुगर, सिकलसेल यांचंही तेच. आधीच्या आजारांसाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं, पण लिहिलेला आजार त्यानंतर विम्यात येतो. न लिहिलेल्यावरून दावा नाकारला जाऊ शकतो. सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय कंपनीला ते कारण पुढं करता येत नाही, आणि ही पाच वर्षंही खंड पडला की नव्यानं सुरू होतात.

पॉलिसीचा कागद हातात आला की परत करायला 30 दिवस मिळतात. त्या दिवसांत नावं, जन्मतारखा आणि लिहिलेले आजार सगळ्यांनी बसून वाचा. आमच्या दुसऱ्या पॉलिसीत सासऱ्यांचा बीपी लिहायचा राहून गेला होता. पोरीनं मोठ्यानं वाचलं म्हणून लक्षात आलं, आणि दहाव्या दिवशी तो लिहून घेतला.