जेस्पेर घ्यावं की ज स्वेत? फ्रेंचमध्ये इच्छा-आशा सांगताना

डेल्फ बी१ या फ्रेंचच्या परीक्षेची तयारी करणारे इथे हमखास अडकतात, कारण एस्पेरे (आशा असणे, जेस्पेर म्हणजे मला आशा आहे) आणि स्वेते (इच्छा असणे, ज स्वेत म्हणजे माझी इच्छा आहे) ही दोन्ही क्रियापदं अर्थाने जवळची आणि व्याकरणाने पार वेगळी. उद्या हवा छान असेल अशी आशा आहे, हे एस्पेरे वापरून बोललात तर जेस्पेर किल फरा बो, पुढे साधा फ्युचर, जो तोवर सगळ्यांना येत असतो. तेच स्वेते घेतलंत की सबजाँक्टिव्ह आला, म्हणजे इच्छा-शंका सांगताना क्रियापदाचं जे वेगळं रूप लागतं ते, फराचं फास झालं, ज स्वेत किल फास बो. वाक्य नकारार्थी केलंत तर एस्पेरेसुद्धा सबजाँक्टिव्हकडे झुकतं, पण बोलताना ती वेळ क्वचित येते.

माझं मत विचाराल तर तोंडी परीक्षेत एस्पेरेच बरं, चुकायला जागाच कमी. लेखीत मात्र ४५ मिनिटांत किमान १६० शब्द लिहायचे असतात, तिथे एखादा बरोबर सबजाँक्टिव्ह दिसलेला चांगला, म्हणून आल्ये (जाणे), फेर (करणे), एत्र (असणे), आव्हुआर (जवळ असणे) एवढ्या चौघांची रूपं पाठ करा आणि स्वेते त्यांच्यासोबतच वापरा. पार्ले (बोलणे) सारख्या, शेवटी -er असलेल्या क्रियापदांमध्ये ज, तू, ईल (मी, तू, तो) यांची रूपं प्रेझेंटसारखीच असतात, म्हणजे लिहिलंत बरोबर तरी दिसत काहीच नाही.

कॉलेजला ईमेल लिहिताना तर स्वेतेच, आणि तेही सोपं पडतं, कारण इच्छा तुमची आणि काम करणारेही तुम्हीच, मग सबजाँक्टिव्ह लागतच नाही, ज स्वेत मँस्क्रीर म्हणजे मला नाव नोंदवायचंय, झालं. ज व्ह क (मला हवंय की) मात्र अनोळखी माणसाला नको, हुकूम सोडल्यासारखं वाटतं, त्यापेक्षा जेमरे क (मला आवडेल की) मऊ आहे, सबजाँक्टिव्ह दोघांनाही लागतो.

शुभेच्छांना तर पर्यायच नाही, ज त स्वेत युन बॉन आने, म्हणजे नवीन वर्षाच्या शुभेच्छा, इथे एस्पेरे चालतच नाही. आणि उशीर झाला म्हणून लाजू नका, फ्रान्समध्ये नवीन वर्षाच्या शुभेच्छा जानेवारी संपेपर्यंत देतात, वर ए स्युर्तू ला साँते, म्हणजे आणि मुख्य म्हणजे तब्येत चांगली राहो, हे जोडतातच.

राहिलं पुर्व्ह्यू क, म्हणजे 'असं झालं म्हणजे बरं', जे क्लासमध्ये उशिरा शिकवतात पण फ्रेंच लोक सारखं वापरतात. पुर्व्ह्यू किल न प्लव्ह पा, म्हणजे आपलं पाऊस नाही आला म्हणजे मिळवली. सबजाँक्टिव्ह लागतो, पण कर्ता-बिर्ता शोधायची भानगड नाही, एवढ्यासाठी तरी ते लवकर शिकून घ्या.