खिळा नसलेल्या घरातले जेवण

मध्य व्हिएतनाममधील ह्वे शहरात राजघराण्याच्या नावाने जेवण वाढणारी ठिकाणे पुष्कळ आहेत. १८०२ पासून १९४५ पर्यंत न्गुयेन घराण्याची राजधानी येथेच होती, आणि तू डूक या बादशहासाठी पन्नास स्वयंपाकी रोज पन्नास पदार्थ रांधत, ही कथा इथला प्रत्येक वाटाड्या न चुकता सांगतो. आम्ही मात्र राजवाड्याच्या आसपास न रेंगाळता सुगंधी नदीच्या उत्तर काठाने थिएन मू पॅगोडाच्या दिशेला निघालो आणि वाटेतल्या किम लाँग भागात, जुन्या बागायती घराचा जीर्णोद्धार करून काढलेल्या एका उपाहारगृहात रात्री जेवलो. त्याचे नाव येथे देत नाही, कारण पुढे लिहिलेल्या तक्रारी त्या एकट्याच्या नाहीत.

प्रथम घराविषयी लिहिले पाहिजे, कारण अर्धे बिल आपण त्यासाठीच भरतो. या पद्धतीच्या घराला तिथे ‘न्या रुओंग’ म्हणतात. सगळा भार लाकडी सांगाड्यावर असतो, तुळया आणि खांब खाच व कुसू यांनीच एकमेकांत बसवलेले असतात, खिळा लागत नाही, त्यामुळे असे घर उकलून दुसरीकडे नेऊन पुन्हा उभे करता येते. खांब जमिनीत पुरलेले नसून दगडावर टेकलेले असतात. आपल्याकडच्या वाड्यांतील तळखडा आठवावा. लाकूड बहुधा फणसाचे, आणि तेही कोकणातल्या माणसाला परके वाटत नाही. पागोळ्या इतक्या खाली उतरलेल्या की उंच माणसाला वाकूनच आत जावे लागते. समोर दृष्ट आणि वारा अडवणारी विटांची आडभिंत, तिच्यामागे दगडांची छोटी टेकडी असलेले उथळ कुंड, आणि मग घर. मालकांनी बदललेले वासे जुन्यासारखे दिसावेत म्हणून काळे रंगवलेले नाहीत. नवे लाकूड फिकट दिसते आणि कुठे काय बदलले ते पाहणाऱ्याला कळते. मधल्या खणात पूर्वजांचे देवघर होते तसेच ठेवले आहे आणि तिथे एकही टेबल मांडलेले नाही. व्यवसायाच्या हिशेबाने ही सर्वांत मोक्याची जागा, तरी ती सोडली, याबद्दल मला मालकांविषयी आदर वाटला.

जेवणाची सुरुवात ‘बान बेओ’ने झाली. बशीएवढ्याही नसलेल्या वाट्यांत तांदळाच्या पिठाचा पातळ थर वाफवायचा आणि त्यावर वाळलेल्या कोळंबीचा चुरा व कांद्याच्या पातीचे तेल घालायचे, एवढाच हा पदार्थ. पण पीठ थोडे जरी दाट झाले तरी तो चिकट गोळा होतो. इथे मध्यभागी खळगा पडलेला होता, म्हणजे पिठाचे आणि वाफेचे गणित बरोबर जमले होते. पाठोपाठ केळीच्या पानात चपटी वाफवलेली ‘बान नाम’ आली. पानगी खाऊन वाढलेल्या माणसाला पान उलगडतानाच वास ओळखीचा वाटतो, फक्त ही तव्यावर भाजलेली नसते आणि आत कोळंबी व डुकराच्या मांसाचे सारण असते.

त्या रात्रीचा उत्तम पदार्थ मात्र फळाचा होता. ‘वा’ हे उंबराच्या कुळातले मोठे फळ ह्वेमध्ये भाजीसारखे वापरतात. ते उकडून, पातळ कापून, कोळंबी, तीळ आणि सुगंधी पाला घालून कालवतात आणि तीळ लावलेल्या तांदळाच्या कुरकुरीत पापडाच्या तुकड्याने उचलून खातात. चवीत किंचित तुरटपणा राहतो आणि तो राहिलाच पाहिजे. परदेशी पाहुण्यांसाठी साखर वाढवून तो मारून टाकण्याचा मोह या स्वयंपाकघराने टाळला होता. हे राजाचे नव्हे, परसदाराचे अन्न आहे, आणि परसदार असलेल्या घरात ते शोभले.

यानंतर मोर आला. अननसावर टूथपिकांनी तळलेल्या गुंडाळ्या टोचून केलेला पिसारा, गाजराची मान, आणि अननसाच्या पोटात मेणबत्ती. दरबारी जेवणातल्या मोराच्या पदार्थाची ही आठवण, असे आम्हाला सांगण्यात आले. गुंडाळ्या गार आणि तेलकट होत्या, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण तळलेला पदार्थ टोचत बसले की तो निवणारच. ज्या घरात सुताराने एक खिळा वापरला नाही, तिथे टूथपिकांवर उभा राहिलेला हा पक्षी पाहून मला हसू आले. शेजारच्या टेबलावरील मंडळींना भरजरी अंगरखे आणि पगड्या चढवून छायाचित्रांसाठी बसवले होते. आम्ही नम्रपणे नकार दिला, तो मात्र दोनदा द्यावा लागला.

बरोबर आई होती आणि ती शाकाहारी आहे, म्हणून हा भाग जरा विस्ताराने सांगतो. व्हिएतनामी स्वयंपाकात माशांचा आंबवलेला रस्सा, म्हणजे ‘नुओक माम’, मिठासारखा सर्वत्र पडतो, तेव्हा ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. ‘आन चाय’, म्हणजे शाकाहारी जेवण, असे सांगावे. ह्वे हे बौद्ध परंपरेचे शहर आहे, चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अनेक घरांत शाकाहार पाळला जातो, आणि कडक ‘चाय’मध्ये कांदा-लसूणही वर्ज्य असतो, जे चातुर्मास पाळणाऱ्यांना लगेच समजेल. वाढणाऱ्या मुलीने हे शब्द ऐकताच मान डोलावली, तरी आईसमोर आलेल्या पहिल्या वाटीत माशाचा रस्साच होता. चूक दाखवल्यावर ती वाटी लगेच उचलली गेली आणि कमळाच्या पानात बांधून वाफवलेला, कमळबिया घातलेला भात आला. पान टेबलावरच कात्रीने उघडले. जूनअखेरचे दिवस असल्याने बिया ताज्या होत्या आणि पिठूळ लागत नव्हत्या. आईने तो सगळा संपवला आणि मोराकडे पाहिलेही नाही.

बिल लाखांत येते, त्याने दचकू नये. एक लाख डाँग म्हणजे साडेतीनशे रुपयांच्या आसपास. तरीही टपरीवरच्या बान बेओच्या मानाने इथला दर कितीतरी पट आहे, आणि टपरीवरची चव काही वाईट नसते. ठरावीक ‘दरबारी’ जेवण न घेता सुटे पदार्थ मागवले तर खर्चही कमी होतो आणि मोरही टळतो. शक्यतो दुपारी जावे, कारण रात्रीच्या दिव्यांत तुळयांवरचे कोरीवकाम दिसत नाही. शेवटी बी काढलेल्या लाँगन फळात एकेक कमळबी बसवून केलेले ‘चे’ हे गार गोड पक्वान्न मागवावे. फळ लिचीच्या जातीचे आहे, आणि बी कुठे शिरली याची खूण शोधूनही सापडत नाही.